ओलिताच्या कंट्रोलरला वॉचडॉग: ड्रायव्हरपासून धुऱ्यावरच्या पेटीपर्यंत

अंबिया बहाराचा ताण तोडून पहिलं ओलीत सुरू झालं की बागेतला कंट्रोलर, म्हणजे मोटार चालू-बंद करणारा बोर्ड, एक रात्रही अटकलेला परवडत नाही. शेतीच्या फीडरला लाइन कधी दिवसा, कधी रात्री. पाळी रात्रीची आणि बोर्ड हँग, म्हणजे ती पाळी गेली. याच्या उलट झालं तर आणखी वाईट: रिले चालू असताना बोर्ड अटकतो, विहीर उपसली जाते आणि मोटार कोरडी फिरत राहते. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडकडून येणारे फोन साधारण एकाच चालीचे असतात: ‘भाऊ, लाइन आहे, दिवा लागून आहे, पण मशीन काहीच करून नाही राहिली.’ मग कोणीतरी गाडी काढतो, वावरात जातो, प्लग ओढतो आणि परत लावतो.

हार्डवेअर वॉचडॉग नेमकं हेच करतो, फक्त गाडीवर न जाता. चिपमध्ये एक काउंटर उलटा मोजत असतो. सॉफ्टवेअरने तो मुदतीत पुन्हा भरला नाही, तर तो थेट रीसेटची लाइन ओढतो. इथपर्यंत सोपं आहे. खरं काम आहे ते काउंटर कोणी भरायचा आणि कशाच्या पुराव्यावर भरायचा हे ठरवण्याचं. पुराव्याशिवाय पिंग (काउंटर पुन्हा भरण्याला पिंग म्हणतात) मिळणारा वॉचडॉग नसलेलाच बरा, कारण तो आहे म्हणून आपण निर्धास्त असतो.

खाली एम्बेडेड लिनक्सचा बोर्ड (रास्पबेरी पाय किंवा तत्सम), आरएस-४८५ वर (लांब तारेवरून डेटा नेणारी जोडणी) मातीच्या ओलाव्याचे सेन्सर, फोरजी मोडेम आणि रिलेवरून स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (मोटारीचा मोठा स्विच), अशी मांडणी धरली आहे. पॅरामीटर आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती त्यांच्या मूळ स्पेलिंगनेच टाका.

पहिली पायरी: काय अटकतं ते आधी लिहून काढा

कर्नल (लिनक्सचा गाभा) अटकू शकतो. तुमचा प्रोग्राम अटकू शकतो. एसडी कार्डावरचं लिहिणं अडकू शकतं. मोडेम मुका होऊ शकतो. गावातला टॉवर बंद पडू शकतो. यातल्या पहिल्या तिघांसाठी वॉचडॉग आहे. मोडेमसाठी त्याचा वीजपुरवठा तोडणारा वेगळा रिले किंवा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा आणि तो प्रोग्राममधून चालवा. टॉवरसाठी काहीच करू नका.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहितो, कारण ‘गूगलला पिंग गेला नाही तर रीबूट’ ही युक्ती (इथला पिंग म्हणजे नेट चालू आहे का ते पाहायला मारलेली हाक) सर्रास दिसते. गावाची लाइन गेली की टॉवर बॅटरीवर जातो आणि बॅटरी संपली की बसतो. इकडे तुमचा बोर्ड सोलरच्या बॅटरीवर ठणठणीत असतो, पण इंटरनेट नाही म्हणून रात्रभर स्वतःला पाडत राहतो. ओलिताचा निर्णय नेटवर अवलंबून असेल तर आधी ती रचना बदला.

दुसरी पायरी: तुमच्या चिपचा काउंटर ओळखा

मॅन्युअलमध्ये तीन गोष्टी शोधा: काउंटर किती बिटचा, त्याचं घड्याळ कुठलं, आणि एकदा सुरू झाल्यावर तो थांबवता येतो का.

रास्पबेरी पायच्या ब्रॉडकॉम चिपमध्ये काउंटर २० बिटचा आहे आणि तो सेकंदाला ६५,५३६ टिक मोजतो. म्हणजे १६ सेकंदांना किंचित कमी. पूर्ण सेकंदांत धरली तर मुदत १५. या रजिस्टरवर चुकून काही लिहिलं जाऊ नये म्हणून वरच्या आठ बिटांत हेक्स ५ए हा पासवर्ड टाकावा लागतो, तो नसेल तर लिहिलेलं वाया जातं.

एसटीएम३२ (छोट्या बोर्डांवरची मायक्रोकंट्रोलर चिप) चा इंडिपेंडंट वॉचडॉग १२ बिटचा आणि त्याचं घड्याळ चिपच्या आतलं एलएसआय, म्हणायला ३२ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा भाजक २५६ घेतला तर मुदत ३२.७६८ सेकंद येते. आता एफ४ मालिकेच्या डेटाशीटमध्ये एलएसआयची मर्यादा पाहा: १७ ते ४७ किलोहर्ट्झ. त्या हिशेबाने तीच मुदत एखाद्या चिपमध्ये सुमारे २२ सेकंद, तर दुसरीत ६१ च्या पुढे. शिवाय आतला ऑसिलेटर तापमानाबरोबर सरकतो, आणि मे महिन्यात चंद्रपूर-यवतमाळकडच्या टिनाच्या पेटीत काय तापमान असतं ते हात लावून पाहिलेल्याला सांगायला नको. म्हणून पिंगचा हिशेब नेहमी सर्वांत वेगवान घड्याळावर, इथे २२ सेकंदांवर करा. ‘३२ आहेत, ३० ला पिंग मारू’ असं केलं तर टेबलावर चालेल आणि वावरात पडेल.

तिसरी पायरी: ड्रायव्हर

बहुतेकांना ड्रायव्हर (कर्नल आणि हार्डवेअर यांच्यातला दुवा) तयारच मिळतो. तेव्हा डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) वॉचडॉगच्या नोडचा स्टेटस ‘ओके’ करा, टाइमआउट-सेक हा गुणधर्म द्या, आणि कर्नल कॉन्फिगमध्ये वॉचडॉग कोअर, तुमच्या चिपचा ड्रायव्हर आणि वॉचडॉग सिसएफएस (वॉचडॉगची माहिती फाइलींसारखी दाखवणारी सोय) हे तिन्ही चालू आहेत का ते पाहा. ड्रायव्हर मॉड्यूल (नंतर वेगळा चढवायचा तुकडा) म्हणून न ठेवता कर्नलमध्येच बसवा. मॉड्यूल लोड होण्याआधी अटकलं तर उचलणारं कोणी नसतं.

स्वतःच्या बोर्डासाठी ड्रायव्हर लिहायचा असेल, तर लिनक्सचा वॉचडॉग कोअर बरंच ओझं उचलतो. कॅरेक्टर डिव्हाइस (प्रोग्राम उघडतो ती फाइल), आयओसीटीएल (तिला द्यायच्या आज्ञा), लॉकिंग, सगळं त्याच्याकडे. तुमच्याकडे उरतात तीन स्ट्रक्चर: वॉचडॉग इन्फो, वॉचडॉग ऑप्स आणि वॉचडॉग डिव्हाइस.

ऑप्समध्ये स्टार्ट सक्तीचा. पिंग दिला नाही तर कोअर पिंगच्या जागीही स्टार्टच बोलावतो; ज्या चिपमध्ये सुरू करणं आणि भरणं एकाच रजिस्टरने होतं तिथे हे पुरतं. स्टॉप ऐच्छिक आहे, कारण काही वॉचडॉग थांबतच नाहीत. पण स्टॉप नसेल तर मॅक्स एचडब्ल्यू हार्टबीट एमएस भरावाच लागतो, नाहीतर नोंदणीच होत नाही.

हा शेवटचा आकडा नीट समजून घ्या. मॅक्स टाइमआउट दिला तर वापरकर्त्याला त्याच्यापेक्षा मोठी मुदत मागताच येत नाही. मॅक्स एचडब्ल्यू हार्टबीट एमएस दिला तर कोअर मोठी मुदतही मान्य करतो: हार्डवेअर १५ सेकंदांचं असलं आणि प्रोग्रामने ६० मागितले, तर मधले पिंग कर्नल स्वतः मारतो आणि प्रोग्रामचे ६० संपले की थांबतो. सोय चांगली आहे. मात्र त्या ६० सेकंदांत पहारा कर्नलवर उरतो, प्रोग्रामवर नाही, याचं भान असू द्या.

प्रोबमधला (ड्रायव्हर सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमधला) क्रम असा ठेवा. रजिस्टर मॅप करा, घड्याळ चालू करा. रीसेटच्या कारणाचं रजिस्टर वाचा, आणि मागचा रीसेट वॉचडॉगमुळे असेल तर बूटस्टेटसमध्ये कार्डरीसेटचा बिट भरा. मग डिफॉल्ट मुदत ठेवून वॉचडॉग इनिट टाइमआउट बोलवा. तो मॉड्यूल पॅरामीटर आधी पाहतो, नंतर डिव्हाइस ट्री. नोवेआउट लावा (तो काय ते खाली येतं). त्यानंतर हार्डवेअर आधीपासून चालू आहे का ते तपासा: बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) वॉचडॉग सुरू करून दिलेला असेल तर मुदत पुन्हा लिहा आणि एचडब्ल्यू रनिंगचा बिट लावा. नोंदणी सर्वांत शेवटी, डेव्हएम वॉचडॉग रजिस्टर डिव्हाइसने. नोंदणी झाल्या क्षणी कोणीही डिव्हाइस उघडू शकतो, तेव्हा अर्धवट तयार ड्रायव्हर तिथे असता कामा नये.

एचडब्ल्यू रनिंगचा बिट लावला की, हँडल बूट एनेबल्ड ही सेटिंग चालू असेपर्यंत, कोअर प्रोग्राम येईपर्यंत स्वतः पिंग मारत राहतो. किती वेळ? डिफॉल्ट सेटिंगमध्ये अनंतकाळ. म्हणजे कर्नल उठला पण वरचं काहीच सुरू झालं नाही, तर बोर्ड जिवंत राहतो आणि बाग कोरडी. यासाठी कर्नलच्या कमांड लाइनवर वॉचडॉग डॉट ओपन टाइमआउट द्या. तेवढ्या सेकंदांत कोणी डिव्हाइस उघडला नाही तर कोअर पिंग थांबवतो. मी तिथे मोठा आकडा देतो, दोन-तीन मिनिटांचा, कारण लाइन झटक्यात गेल्यावर फाइलसिस्टीमची तपासणी लांबते आणि ती अर्धवट सोडून रीसेट झाला की पुढच्या वेळी तीच तपासणी पुन्हा पहिल्यापासून. बूटलोडरमधल्या वॉचडॉगच्या मुदतीलाही हाच नियम.

नोवेआउट कधी

डिव्हाइस उघडला की वॉचडॉग सुरू. बंद करताना आधी मोठं ‘व्ही’ हे अक्षर लिहिलं तर ड्रायव्हर समजतो की प्रोग्राम शहाणपणाने निघतोय, आणि काउंटर थांबवतो. व्ही न लिहिता प्रोग्राम मेला तर काउंटर चालूच राहतो आणि बोर्ड रीसेट होतो. नोवेआउट लावला की व्हीलाही कोणी विचारत नाही. टेबलावर काम करताना तो बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक डीबगमध्ये बोर्ड पडेल. वावरात जाताना चालू.

चौथी पायरी: सिस्टमडीचे दोन थर

सिस्टमडी म्हणजे लिनक्समध्ये बाकीच्या सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम. इथे दोन वेगळे वॉचडॉग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

खालचा थर: सिस्टम डॉट कॉन्फमध्ये रनटाइम वॉचडॉग सेक. रास्पबेरी पायवर १४ द्या. सिस्टमडी स्वतः हार्डवेअर डिव्हाइस उघडतो आणि त्या मुदतीच्या निम्म्या अंतराने पिंग मारतो. डिव्हाइस एका वेळी एकालाच उघडता येतो, म्हणून जुन्या लेखांत वाचून वॉचडॉग नावाचा डीमनही (मागे चालत राहणारा प्रोग्राम) बसवला असेल तर काढून टाका. दोघांतल्या एकाला ‘डिव्हाइस बिझी’ मिळेल आणि कोणाला ते नशिबावर. त्याच फाइलमध्ये रीबूट वॉचडॉग सेकही स्वतः ठरवा. बंद होतानाच बोर्ड अडकला तर तो सोडवणारा हाच, आणि त्याचं डिफॉल्ट १० मिनिटं आहे.

वरचा थर: तुमच्या सर्व्हिसच्या फाइलमध्ये टाइप नोटिफाय, वॉचडॉग सेक ६०, रीस्टार्ट ऑन-फेल्युअर. आता प्रोग्रामने दर ६० सेकंदांच्या आत ‘वॉचडॉग=१’ हा निरोप सिस्टमडीला द्यायचा. नाही आला तर सिस्टमडी सर्व्हिस मारून पुन्हा उठवतो. हे पुन्हापुन्हा होऊ लागलं तर स्टार्ट लिमिट बर्स्ट, स्टार्ट लिमिट इंटर्व्हल सेक आणि स्टार्ट लिमिट अॅक्शन रीबूट. म्हणजे आधी सर्व्हिस, मग अख्खा बोर्ड, आणि सिस्टमडीच गेला तर हार्डवेअर.

६० कुठून आले? आठ सेन्सर, प्रत्येकाला मॉडबसचं (आरएस-४८५ वर सेन्सरशी बोलण्याची भाषा) उत्तर यायला एक सेकंदाची सूट, तीन प्रयत्न: सगळे गप्प बसले तरी २४ सेकंद. कार्डावरचं लिहिणं आणि बाकीचं धरून दुपटीच्या वर जागा ठेवली. तुमचा आकडा तुमच्या हिशेबाने काढा.

पाचवी पायरी: निरोप कोणी द्यायचा

लेखाचा सगळा भार या पायरीवर आहे. सर्वांत वाईट पद्धत म्हणजे वेगळा थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम) काढून त्यात ‘झोप, पिंग, झोप, पिंग’ असं लिहिणं. सेन्सरचा थ्रेड लॉकवर अडकून आठवडा झाला तरी हा थ्रेड इमानेइतबारे पिंग मारत राहील. जागलीवरचा माणूस झोपेत हाळी देऊ लागला तर रानडुकरांना काय फरक पडतो!

योग्य रीत अशी. प्रत्येक काम पूर्ण झालं की आपला झेंडा लावतं: सेन्सर वाचले, ओलिताचा निर्णय झाला, रिलेची प्रत्यक्ष स्थिती परत वाचून जुळली, नोंद कार्डावर एफसिंक (डेटा खरोखर लिहिला जाईपर्यंत थांबणारी आज्ञा) होऊन उतरली. मुख्य लूप हे सगळे झेंडे तपासतो. सगळे वर असतील तरच निरोप, आणि लगेच सगळे झेंडे खाली.

दोन बारकावे. ‘सेन्सर वाचले’ म्हणजे वाचण्याचा प्रयत्न पूर्ण झाला, उत्तर आलंच पाहिजे असं नाही. उंदराने वायर कुरतडली म्हणून बोर्ड पाडण्यात अर्थ नाही, ती चूक नोंदवून पुढे जा. आणि मोडेमचं काम या झेंड्यांत घेऊ नका, कारण वर सांगितलंच.

१९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानावर हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्कने लॉक धरून ठेवला, मधल्या प्राधान्याच्या कामांनी तिला चालू दिलं नाही, आणि डेटा बस सांभाळणारी महत्त्वाची टास्क त्या लॉकसाठी ताटकळली. मुदतीत काम झालं नाही हे वॉचडॉगने पकडलं आणि यान पुन्हा पुन्हा रीसेट झालं. अभियंत्यांनी पृथ्वीवर तसंच यान चालवून कारण शोधलं आणि प्राधान्याचा वारसा (लॉक धरलेल्या टास्कला ताटकळणाऱ्या टास्कचं प्राधान्य तात्पुरतं देणं) चालू करून दुरुस्ती वर पाठवली. तिथे कोणी नुसता पिंगचा थ्रेड लिहिला असता तर यान शांतपणे अडकून बसलं असतं.

सहावी पायरी: रीसेटनंतर मोटारीचं काय

वॉचडॉग बोर्ड पाडतो तेव्हा जीपीआयओ पिना (रिलेसारख्या बाहेरच्या गोष्टी जोडायच्या पिना) आपापल्या मूळ स्थितीत जातात. रास्पबेरी पायवर ० ते ८ क्रमांकाच्या पिना पुल-अप (आपोआप हाय), ९ ते २७ पुल-डाउन (आपोआप लो). बाजारातले स्वस्त रिले बोर्ड बहुधा लो झाल्यावर ओढणारे असतात. असा बोर्ड चुकीच्या पिनवर असेल तर रीसेटच्या क्षणी कॉन्टॅक्टर फडफडतो. रिले हाय झाल्यावरच ओढेल अशी ट्रान्झिस्टरची जोडणी करा, बेसजवळ १० किलोओहमचा पुल-डाउन द्या, आणि पिन ९ च्या पुढची घ्या. बोर्ड मेला म्हणजे मोटार बंद, हा नियम तारेत असावा, कोडमध्ये नाही. कोरड्या मोटारीसाठीचा ड्राय-रन प्रोटेक्शन रिलेही वेगळाच ठेवा. वॉचडॉग त्याची जागा घेत नाही.

बोर्ड उठल्यावर प्रोग्रामने लगेच मोटार उचलू नये. काही मिनिटं थांबा, त्यात थोडा यादृच्छिक उशीर मिसळा, मग व्होल्टेज आणि तिन्ही फेज पाहून उचला. लाइन येताच डीपीवरच्या सगळ्या ऑटो स्टार्टरच्या मोटारी एकदम उचलतात आणि व्होल्टेज कोसळतं. त्या गर्दीत आपली मोटार कशाला? दिवसात वॉचडॉगचे दोन-तीन रीसेट झाले तर त्या दिवशी स्वयंचलित ओलीत बंद आणि मालकाला मेसेज.

व्होल्टेज खचलं तर

आतल्या वॉचडॉगची एक मर्यादा मान्य करावी लागते. तो त्याच चिपमध्ये, त्याच पुरवठ्यावर आहे. पुरवठा पूर्ण न जाता अधेमधे लोंबकळला, तर चिप अशा स्थितीत अडकू शकते की वॉचडॉगही निपचित. अशा जागी बाहेरचा सुपरव्हायझर चिप लावा, जो व्होल्टेजही पाहतो आणि पिंगही. लिनक्समध्ये त्यासाठी जीपीआयओ वॉचडॉगचा ड्रायव्हर आहे: डिव्हाइस ट्रीमध्ये पिन, एचडब्ल्यू अल्गो (टॉगल की लेव्हल), एचडब्ल्यू मार्जिन एमएस आणि गरज असेल तर ऑलवेज रनिंग. यातल्या बऱ्याच चिप्सची मुदत १.६ सेकंद असते, कर्नल चढण्याआधीच ती संपते. तेव्हा मुदत कपॅसिटरने वाढवता येणारा किंवा बूटच्या काळात गप्प ठेवता येणारा भाग निवडा.

व्हॉल्व्हवरचे छोटे बोर्ड

लॅटरलच्या टोकाला ईएसपी३२ (वाय-फायवाली छोटी चिप) असेल तर एवढं पाहा: टास्क वॉचडॉग डिफॉल्टने ५ सेकंदांचा असतो, आयडल टास्कवरच (दुसरं काम नसताना चालणारी टास्क) नजर ठेवतो, आणि मुदत संपली की फक्त सिरियलवर इशारा छापतो. धुऱ्यावर तो इशारा वाचायला कोण बसलंय? मेन्यूकॉन्फिगमध्ये पॅनिक (इशाऱ्याऐवजी रीसेट) चालू करा आणि तुमची टास्क त्यात स्वतः नोंदवा. एसटीएम३२ वर डीबगरने थांबवल्यावर वॉचडॉगही थांबेल असा बिट डीबग रजिस्टरमध्ये आहे. टेबलावर तो लावला नाही तर ब्रेकपॉइंटवर बसलं की बोर्ड पडतो.

सातवी पायरी: मुद्दाम पाडून पाहा

मोटारीच्या जागी बल्ब लावा आणि सुरू करा.

कर्नल पाडायला सिसआरक्यू ट्रिगर या फाइलमध्ये (कर्नलला थेट आज्ञा देणारी) ‘सी’ लिहा. त्याआधी कर्नल डॉट पॅनिक शून्य आहे का ते बघा. तिथे १० असेल तर कर्नल दहा सेकंदांनी स्वतःच रीबूट होईल आणि तुम्हाला वाटेल वॉचडॉगने केलं. शून्यावर तो तसाच पडून राहतो, आणि उठला तर वॉचडॉगनेच उठवला.

सर्व्हिसला स्टॉप सिग्नल द्या. ६० सेकंदांनी सिस्टमडीने तिला मारून नवी उठवली पाहिजे, बोर्ड मात्र पडता कामा नये.

मॉडबसची वायर उपटा, सिम काढा. काहीही पडता कामा नये. ही चाचणी लोक गाळतात, आणि विनाकारण रीसेटच्या तक्रारी इथूनच येतात.

चालू असताना एसडी कार्ड ओढा (जुनं, टाकाऊ कार्ड घ्या). गंमत अशी की सिस्टमडी मेमरीत असतो, त्यामुळे कार्ड नसतानाही तो हार्डवेअरला पिंग मारत राहू शकतो. एफसिंकचा झेंडा म्हणूनच ठेवला होता. तो अडकतो, सर्व्हिस मरते, नवी उठत नाही, रीबूट लागतो, आणि तोही अडकला तर रीबूट वॉचडॉग सेक.

शेवटी पुरवठा डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र) घ्या. २३० वरून सावकाश खाली या, १६० च्या आसपास रेंगाळा, वर-खाली करा, झटके द्या. पायवर ५ व्होल्टचा पुरवठा सुमारे ४.६३ च्या खाली गेला की कर्नलच्या लॉगमध्ये अंडरव्होल्टेज दिसतं. इथे बोर्ड अडकून बसला तर बाहेरचा सुपरव्हायझर लावल्याशिवाय तो वावरात नेऊ नका.

रीसेटचा हिशेब

सिसएफएसमध्ये वॉचडॉग० च्या फोल्डरात बूटस्टेटस आहे. ३२ असेल तर मागचा रीसेट वॉचडॉगचा. प्रत्येक वेळी उठल्यावर हा आकडा तारखेसह नोंदवा आणि सर्व्हरकडे पाठवा. सगळे ड्रायव्हर तो भरत नाहीत. तिथे प्रोग्रामने सुरू होताना कार्डावर ‘चालू’ आणि नीट बंद होताना ‘बंद’ लिहायचं. उठल्यावर ‘चालू’च दिसलं तर काहीतरी अचानक घडलं, आणि लाइन गेली होती की बोर्ड अटकला होता हे बॅटरीच्या व्होल्टेजच्या नोंदीवरून कळतं. जर्नल (सिस्टमडीची नोंदवही) कार्डावर टिकेल असं ठेवा आणि जमलं तर रॅमूप्सही (कर्नलचे शेवटचे मेसेज रॅममध्ये राखणारी सोय) लावा. वॉचडॉगच्या रीसेटमध्ये रॅमचा पुरवठा तुटत नाही, म्हणून कर्नलचे शेवटचे शब्द बहुधा सापडतात. हार्डवेअरमध्ये प्रीटाइमआउट (मुदतीच्या थोडा आधी येणारा इशारा) असेल तर त्याचा गव्हर्नर पॅनिकवर ठेवा, म्हणजे मुदत संपण्याआधीच कर्नल कुठे अडकला होता त्याचा माग छापून जाईल.

पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरांत, सालदाराला वाचता येईल असा: ‘हिरवा दिवा विझला तर पाच मिनिटं थांबा, मशीन स्वतः चालू होते. मधात प्लग काढू नका. पाच मिनिटांनंतरही विझलेलाच असला तर फोन करा.’ बोर्ड उठत असताना, फाइलसिस्टीमची तपासणी चालू असताना प्लग ओढला गेला तर कार्ड खराब होतं, आणि मग वॉचडॉग कितीही चांगला असला तरी नवं कार्ड घेऊन वावरात जावंच लागतं.